ऑक्टोबरात अन्नपूर्णा लॉजवर की हामटा तंबूत? चौघांचं ठरवायचं आहे

अनगोळकर (बेळगाव)

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात चौघं निघायचं म्हणतोय. दोघं पन्नाशीतले, दोघं पंचविशीचे. राजहंसगड, वैजनाथ, महिपाळगड, चोर्ल्याकडच्या वाटा सगळ्यांच्या पायाखालच्या आहेत, पण ३,००० मीटरच्या वर अजून कुणी झोपलेलं नाही.

दोन पर्याय आहेत. एक, नेपाळात अन्नपूर्णा बेस कॅम्प, सगळे मुक्काम लॉजवर. दुसरा, मनालीहून हामटा पास, मुक्काम तंबूत. तो एखाद्या कंपनीबरोबर करायचा की स्वतःचं सामान घेऊन, तेही ठरलेलं नाही. पोरांचा ओढा तंबूकडं आहे, मोठ्यांचा पलंगाकडं.

पाठीवरच्या ओझ्यात नक्की किती फरक पडतो? रात्री थंडी कुठं जास्त बाधते? आणि उंचीचा त्रास झालाच तर कुठून खाली उतरणं सोपं? आणखी एक: चौघांत एकजण जैन आहे. कांदा, लसूण, बटाटा चालत नाही, जेवण सूर्यास्ताच्या आत, पाणी उकळलेलंच. कुठं जमेल ते सांगा की.

घाटमाथा_खानापूर

आधी तारीख बघा, लॉज-तंबू मागनं. हामट्याचा हंगाम साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आकाश निळंशार असेल, पण पास ४,२७० मीटरचा आणि त्याच्या पलीकडचा सियागोरूचा मुक्काम ३,९०० च्या आसपास. तिथं रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो, आणि एक बर्फवृष्टी झाली की वाट बंद. बऱ्याच कंपन्या तोवर तंबू गुंडाळून खाली आलेल्या असतात. तंबूच हवा असेल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा धरा. ऑक्टोबरच हवा असेल तर अन्नपूर्णा.

आता ओझं. लॉजच्या ट्रेकला पाणी सोडून ६ ते ८ किलोची सॅक पुरते. स्वतःचा तंबू म्हटलं की दोन माणसांचा तंबू सव्वादोन किलो (दोघांत वाटून), स्लीपिंग बॅग दीड, मॅट अर्धा, स्टोव्ह-भांडी-गॅस मिळून दोघांत दीड किलो, आणि कोरडा शिधा माणशी रोज ६०० ते ७०० ग्रॅम. पाच दिवसांचा शिधाच सव्वातीन किलो होतो. कपडे धरून सॅक १४-१५ किलोवर जाते. राजहंसगडावर १५ किलो घेऊन चढणारा माणूस ४,००० मीटरवर तेच ओझं घेऊन निम्म्या वेगानं चालतो, हे हिशोबात धरा. कंपनीच्या कॅम्पला तंबू नि भांडी खेचरावर जातात, त्यामुळं तिथं ओझ्याचा प्रश्न लॉजइतकाच हलका.

अन्नपूर्णेच्या लॉजबद्दल जे आधी माहीत असावं ते असं. खोली म्हणजे प्लायवूडच्या भिंती, दोन किंवा तीन लाकडी पलंग, फोमची गादी, उशी, एक रजई. शेजारच्या खोलीतलं घोरणं शब्दशः ऐकू येतं. खोलीत शेगडी नसते. ऊब असते ती फक्त जेवणाच्या हॉलमध्ये, तीही संध्याकाळी. वरच्या काही लॉजमध्ये टेबलाखाली शेगडी लावतात आणि त्याचे डोईमागं वेगळे पैसे घेतात. खोलीचं भाडं किरकोळ, कारण रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता तिथंच घ्यायचा असा तिथला शिरस्ता. खोली घेऊन जेवायला शेजारी गेलात तर भांडण ठरलेलं. गरम पाणी, चार्जिंग, वायफाय यांचे पैसे वेगळे, आणि प्रत्येक मुक्कामाला दर चढत जातो, कारण वरचं सगळं माणसाच्या किंवा खेचराच्या पाठीवरनं आलेलं असतं.

खरी अडचण खोली मिळण्याची. छोमरोंगच्या (२,१७० मी.) पुढं गावं संपतात, राहतात ते मोजके लॉज: सिनुवा, बांबू, दोभान, हिमालय, देउराली, मग माछापुच्छ्रे बेस कॅम्प आणि शेवटी अन्नपूर्णा. ऑक्टोबर म्हणजे भर गर्दी, त्यात दसईंची (नेपाळच्या दसऱ्याची) सुट्टी लागली की नेपाळी पोरांचे गटही येतात. दुपारी एकपर्यंत मुक्काम गाठायचा. चारला पोचणाऱ्याला हॉलमधल्या बाकावर झोपावं लागतं. गाईड किंवा भारिया (हमाल) बरोबर असेल तर तो आदल्या दिवशी फोन करून खोली धरून ठेवतो. त्याच्या मजुरीतला निम्मा मोबदला इथंच वसूल होतो.

“लॉज आहे, स्लीपिंग बॅग कशाला” असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. गर्दीत रजया कमी पडतात. हिशोब सोपा आहे: दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं. पोखरा ८२० मीटरवर, बेस कॅम्प ४,१३० वर, म्हणजे फरक २१ अंशांचा. पोखऱ्यात रात्री १८ असेल तर वर उणे तीन-चार. बॅगेवर तापमानाचे दोन आकडे छापलेले असतात. त्यातला ‘कम्फर्ट’ बघायचा, ‘लिमिट’ नव्हे. कम्फर्ट उणे ५ ची बॅग, आत एक लायनर (पातळ अस्तराची पिशवी), वरनं रजई मिळाली तर उत्तम. बेळगावात विकत घ्यायची गरज नाही, पोखऱ्यात लेकसाइडला भाड्यानं मिळते. घेताना चेन तीनदा उघडून-मिटून बघा आणि बॅग पसरून पाच मिनिटं ठेवा. फुगली नाही तर दुसरी मागा.

भटकभवानी

घाटमाथा सरांचं तारखेचं म्हणणं बरोबर. पण तंबूची बाजू कुणीतरी मांडायला हवी, नाहीतर पोरं बिचारी मतदानात हरतील.

दादा, आधी कंपनीचा कॅम्प आणि स्वतःचा कॅम्प वेगळे काढा. कंपनीच्या कॅम्पमध्ये तुम्ही आयत्या तंबूत झोपता, एका तंबूत दोघं-तिघं, जेवण एका मोठ्या पातेल्यातलं, संडासाला खड्ड्यावरचा उभा तंबू. त्यात गैर काही नाही, पण वेळापत्रक त्यांचं. पंधरा-वीस जणांच्या गटात एकाला डोकेदुखी झाली म्हणून गट थांबत नाही. लॉजच्या वाटेवर दोन तास अलीकडचा लॉज धरता येतो, जादा दिवस काढता येतो. पहिल्यांदाच उंचीवर जाणाऱ्यांना ही सवलत पलंगापेक्षा मोठी.

स्वतःच्या तंबूत थांबायचं स्वातंत्र्य असतं, पण कौशल्य लागतं. बिघडतं ते ठरावीक ठिकाणीच.

पहिलं, जमीन. थंडी वरनं कमी आणि खालनं जास्त खाते, कारण अंगाखाली बॅगेतला कापूस किंवा पिसं दबून सपाट होतात. मॅटवर ‘आर व्हॅल्यू’, म्हणजे ती थंडी किती अडवते त्याचा आकडा, लिहिलेली असते. गोठलेल्या जमिनीला ४ च्या वर हवी. साध्या फोमच्या मॅटची २ च्या आसपास असते. त्यावर हवेची ३ ची टाकली तर बेरीज ५ होते. हवेची मॅट एकटी नेऊ नका, काट्यानं पंक्चर झाली तर रात्रभर दगडावर.

दुसरं, ओल. दोन माणसांच्या श्वासातनं रात्रभरात पेल्याच्या वर पाणी बाहेर पडतं. खिडक्या गच्च बंद केल्या की ते आतल्या कापडावर गोठतं, आणि पहाटे कुणी कूस बदलली की त्याची भुकटी तोंडावर नि बॅगेवर पडते. सूर्य आला की वितळून बॅग ओली. पिसांची बॅग अशी तीन-चार रात्री भिजत गेली की तिची ऊब निम्मी होते. म्हणून वरची हवेची झडप थंडीतही उघडी ठेवायची, आणि दुपारच्या विसाव्याला बॅग उलटी करून दगडावर उन्हात टाकायची.

तिसरं, जागा. नदीकाठची सपाट वाळू बघून भुलू नका. बर्फाच्या पाण्याचे ओढे सकाळी गुडघ्याखाली असतात नि दुपारी मांडीला लागतात. शिवाय थंड हवा रात्री खोऱ्याच्या तळाशी साठते, त्यामुळं तळापासून वीस-तीस मीटर वरची पायरी बरी. दार वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला, दोऱ्या पहिल्याच संध्याकाळी ताणून दगडाखाली. वारा उठल्यावर अंधारात दोऱ्या बांधायला कुणीच बाहेर येत नाही.

चौथं, गॅस. डबी विमानात चालत नाही, ना हातातल्या बॅगेत ना खाली दिलेल्या. रेल्वेतही ज्वलनशील सामान न्यायला मनाई आहे. म्हणजे सांबऱ्याहून उडा की गोवा एक्सप्रेसनं निजामुद्दीनला जा, डबी मनालीतच घ्यायची. डबीवर ‘आयसोब्युटेन-प्रोपेन’ लिहिलेलं बघा. साधं ब्युटेन शून्याच्या जरा खालीच वाफ व्हायचं थांबतं आणि भरलेली डबी हातात असून चहा होत नाही. लिटरभर पाणी उकळायला १५ ग्रॅम धरा, वाऱ्यात २०. दोघांना रोज चार लिटर लागतं, म्हणजे २३० ग्रॅमची डबी तीन दिवस. आणि स्टोव्ह तंबूच्या आत पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

स्वयंपाक: ४,१०० मीटरवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. तूरडाळ कुकरशिवाय तासभर ठेवली तरी दाताखाली येते. मसूर, मूग, पोहे, शेवया न्या. आपल्याकडची कडक भाकरी आणि शेंगाचटणी यासारखं ट्रेकचं खाणं दुसरं नाही: पाण्याचा अंश नाही, आठवडाभर टिकते, वजनाला काहीच नाही. फक्त डब्यात उभी लावा, सॅकेत आडवी टाकली तर चुरा. गोकाकचा करदंट न्यायचा तर घरीच छोटे तुकडे करून न्या. थंडीत गूळ नि डिंक इतका कडक होतो की दात घाबरतात. कुंदा नको. खव्याचा पदार्थ आहे, प्रवासातच आंबेल.

तंबू पोरांना हवाच असेल तर आता पावसाळ्यात गच्चीवर लावून रात्रभर आत झोपू दे. शिवणीतनं गळतं कुठं ते बेळगावचा पाऊस एका रात्रीत दाखवतो. सरावासाठी भीमगडच्या रानात शिरू नका, ते अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम नाही.

निपाणीचा_औषधवाला

उंचीबद्दल थोडं, कारण निर्णय खरं म्हणजे इथं व्हायला हवा.

३,००० मीटरच्या वर झोपेची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथंच काढावा, हा सर्वमान्य नियम. चालण्याची उंची नव्हे, झोपेची. आता हे अन्नपूर्णेला लावून बघा. देउराली ३,२३०, माछापुच्छ्रे बेस कॅम्प ३,७००, अन्नपूर्णा बेस कॅम्प ४,१३०. एकेक मुक्काम केला तर ४७० आणि ४३०, अगदी नियमात. पण बहुतेक गट देउरालीहून एका दिवसात थेट वर जाऊन झोपतात, म्हणजे ९०० ची उडी. वर पोचल्यावर ओकाऱ्या होणाऱ्यांत हेच जास्त. तेव्हा एक रात्र ३,७०० ला काढा. दुसऱ्या पहाटे नुसतं वर जाऊन सूर्योदय बघून खाली आलात तरी चालेल, दीड-दोन तासांचीच चढण आहे.

हामट्याला मनाली (२,०५०) सोडल्यावर पहिला मुक्काम ३,१०० च्या आसपास, दुसरा बालू का घेरा ३,६००, मग पास ओलांडून ३,९००. बेळगाव ७५० मीटरवर. गाडीतनं उतरून लगेच चालायला लागू नका, मनालीत दोन रात्री काढा. आपल्या घाटातल्या सरावानं पाय तयार होतात, रक्त नाही.

उतरण्याचा मुद्दा विचारलाय, तो महत्त्वाचा. अन्नपूर्णेचं खोरं म्हणजे गेलेल्या वाटेनंच परत यायचं. त्रास झाला की पाठ फिरवायची, दोन-तीन तासांत ९०० मीटर खाली, आणि तिथं छप्पर नि माणसं. हामटा म्हणजे खिंड. बालू का घेराला त्रास सुरू झाला तर चाल जिथनं सुरू केली त्या जोबऱ्याकडं परत वळता येतं. पास ओलांडल्यावर सुरू झाला तर पुढं, पलीकडं वाट संपते त्या छत्रूलाच उतरायचं, मध्ये थंडगार ओढा पार करून. म्हणून बालू का घेराला सकाळी डोकेदुखी असेल तर पुढं जायचंच नाही.

डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी): सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातनं दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासनं. आपल्याकडं गोळी २५० ची मिळते, ती अर्धी करायची. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगून. पन्नाशीतल्या दोघांनी रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर यादी दाखवा. बोटांना मुंग्या येतात, लघवी वारंवार होते. तंबूत झोपणार असाल तर रुंद तोंडाची वेगळी बाटली जवळ ठेवा, रात्री दोनला बूट घालून बाहेर जाण्यापेक्षा बरं.

गोळी घेऊनही डोकेदुखी वाढत असेल, बसल्याजागी दम लागत असेल, ओला खोकला असेल, किंवा टाचेला बोट लावून सरळ रेषेत दहा पावलं टाकता येत नसतील, तर सकाळची वाट बघू नका. त्याच वेळी खाली. एकट्याला पाठवायचं नाही.

माळमारुती_९

लॉजच्या बाजूनं सगळे बोलताय म्हणून एक टोचणी. लॉज आहे म्हणजे वाट सुरक्षित असं नाही. १४ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद चक्रीवादळाच्या शेपटानं थोरोंग ला या खिंडीवर हिमवादळ झालं आणि चाळीसच्या वर माणसं गेली. ती अन्नपूर्णा सर्किटची, म्हणजे लॉजचीच वाट. घात झाला तो लॉज सोडून खिंडीत असलेल्यांचा. बंगालच्या उपसागरात वादळ उठलंय असं कळलं तर आहे त्या लॉजवर एक-दोन दिवस बसा, परतीचं तिकीट गेलं तर जाऊ दे. तुमच्या वाटेवर देउरालीच्या आसपासचा पट्टा हिमकडे कोसळण्याचा आहे. जानेवारी २०२० मध्ये तिथंच ट्रेकर दबले. ताजं बर्फ पडलं असेल तर थांबायचं, नाहीतर तो पट्टा सकाळी लवकर, न थांबता पार करायचा.

आणि हॉलमध्ये चाळीस माणसं खोकत असतात. एकाचा सर्दी-खोकला तिसऱ्या दिवशी सगळ्यांना. तंबूचा हा फायदा कुणी सांगितला नाही.

पोरांना तंबूच का हवाय ते विचारा. एकांतासाठी हवा असेल तर ऑक्टोबरातलं अन्नपूर्णा त्यांना जत्राच वाटेल. गर्दी जरा कमी हवी असेल तर दार्जिलिंगकडचं संदकफू बघा: ३,६३६ मीटर, वाटेवर ट्रेकर्स हट, आणि सिंगालिला उद्यान १६ सप्टेंबरला उघडतं. गाईड सक्तीचा आहे. उत्तराखंडात बुग्याळावर (उंचावरच्या कुरणावर) तंबू ठोकायचा विचार असेल तर ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं अशा मुक्कामावर बंदी घातली, म्हणून जुने फोटो बघून बेत आखू नका.

अनगोळकर (बेळगाव)

सगळ्यांचे आभार. ऑक्टोबर बदलता येत नाही, त्यामुळं अन्नपूर्णा नक्की. पोरांना पुढच्या सप्टेंबरचा तंबू कबूल केलाय. ३,७०० ला एक रात्र लिहून ठेवली. जैन जेवणाचं आणि पैशांचं तेवढं राहिलं.

भटकभवानी

जेवण जमतं, पण मागण्याची पद्धत आहे. लॉजवर रात्रीच्या जेवणाची ऑर्डर दुपारीच वहीत लिहून घेतात. पोचल्या पोचल्या स्वयंपाकघरात जाऊन सांगा: साधा भात, जिरं-मीठ घातलेली डाळ, आणि साग (पालेभाजी). तिथली ‘तरकारी’ म्हणजे बहुतेक वेळा बटाटाच, आणि लोणचं मुळ्याचं असतं, म्हणून दोन्ही नको म्हणून स्पष्ट सांगा. डाळीची फोडणी एकदमच होते, त्यामुळं जैन सोबत्याची वाटी फोडणीआधी काढून ठेवायला सांगायचं. सूर्य साडेपाचच्या सुमारास जातो, आणि खोल खोऱ्यात ऊन त्याच्याही आधी. साडेचारला ताट हवं असं सांगा. त्या वेळी चूल मोकळी असते, त्यामुळं कुरकुर होत नाही. सगळे सहाला बसतात तेव्हा वेगळं काही मिळायचं नाही. छोमरोंगच्या पुढं देवस्थानामुळं मांसाहार वर नेत नाहीत, तेवढी भांड्यांची काळजी कमी.

उकळलेलं पाणी लिटरवर विकत मिळतं. दोन धातूच्या बाटल्या रात्री भरून घ्या, एक बॅगेत पायाशी ठेवा. बाकीच्यांनी क्लोरीनची गोळी वापरली तरी चालेल, पण थंड पाण्यात अर्ध्या तासाऐवजी तासभर थांबा. नळीचा फिल्टर नेत असाल तर रात्री उशाशी घ्या. एकदा गोठला की आतल्या नळ्या फुटतात, वरनं दिसत नाही आणि पाणी तसंच गाळून आल्यासारखं वाटतं.

घाटमाथा_खानापूर

पैसे: आपला १ रुपया म्हणजे नेपाळी १.६०, हा दर बांधलेला आहे. पोखऱ्यातच सगळी रोकड काढून घ्या, वर एटीएम धरून चालू नका. आपल्या नोटा न्यायच्या तर शंभराच्या न्या, मोठ्या नोटांवरनं घासाघीस होते. वर सुटे लागतात, हजाराची नेपाळी नोट चहाला दिली तर चहावाला तुमच्याकडंच बघत बसतो.

कागद: विमानानं जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. आधारवर काठमांडूचं विमान मिळत नाही. रस्त्यानं जायचं तर पुण्याहून गोरखपूरला थेट गाडी आहे, पुढं सुनौली, भैरहवा, पोखरा. परवान्याला सार्क देशांचा दर वेगळा नि कमी असतो, काउंटरवर आपणहून भारतीय असल्याचं सांगा. विमा काढताना हेलिकॉप्टरचा खर्च आणि किती मीटरपर्यंत, हे आकड्यात छापलेलं बघूनच पैसे भरा. ‘साहसी क्रीडा वगळून’ अशी ओळ असेल तर ती पॉलिसी तुमच्या कामाची नाही.

आणखी एक: छोमरोंगहून खाली नदीपर्यंत आणि पलीकडं सिनुवाला वर, नुसत्या दगडी पायऱ्या आहेत, आणि परतताना त्याच उलट्या चढायच्या आहेत, तेही थकलेल्या पायांनी. पन्नाशीतल्या दोघांसाठी दोन-दोन काठ्या आत्ताच घ्या आणि यळ्ळूरच्या वाटेवर उतारावर वापरून बघा. सपाटीवर कोपर काटकोनात राहील इतकी काठी ठेवायची, उतरताना त्याहून चार बोटं लांब, चढताना हातभर नव्हे, चार बोटं आखूड.